मोडलं, म्हणून पेढे

वासुदेव गेल्याचं सुमनवहिनींनीच फोनवर सांगितलं. "भाऊजी, हे गेले..." महिना होत आला, अजून खरं वाटत नाही. सोनाळ्याच्या शाळेत तो गणित शिकवायचा, मी मराठी. डबा मात्र एकत्र.

एका जुन्या पुस्तकात त्याला एक अनुमान सापडलं होतं : नवापासून पुढची, मूळ नसलेली कोणतीही विषम संख्या म्हणजे एक मूळ संख्या अधिक कुठल्यातरी वर्गाची दुप्पट. नऊ म्हणजे सात अधिक दोन, पंधरा म्हणजे सात अधिक आठ. ओसरीवरच्या फळ्यावर तो वर्षानुवर्षं संख्या तपासत राहिला. हजारावर जमल्या तेव्हा मी म्हणालो, "झालं की सिद्ध!" तर भडकलाच. "काऊन बे? भरोसा वाढला, सिद्ध कुठी झालं? अन् सोप्यावर जमलं त् भरोसाबी कितीसा वाढते? जिथं मोडाची भीती हाये तिथं पाहा लागते." माणसं आपल्या लाडक्या कल्पनेला जपतात. हा तिच्याच मागे हात धुऊन लागला होता.

एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला. आम्हाला वाटलं, पोरीचं लग्न जमलं. "मोडलं!" तो ओरडला. "पाच हजार सातशे सत्त्याहत्तर! जमतच नाही!" इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात, आणि हा पेढे वाटत होता. "वाईट नाही वाटलं?" मी विचारलं. "वाटलं ना. पण खोट्यावर भरोसा ठेवून मेलो असतो त्...?" असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्याने दुसरं अनुमान घेतलं : दोनाहून मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. हे जगात अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही, मोडताही आलेलं नाही. इथे मात्र तो हळूहळू मऊ पडला, कारण संख्या वाढत गेल्या तशा अशा जोड्याही एकंदरीत वाढतच गेल्या. शेवटच्या आजारात दवाखान्यातून घरी आल्यावर म्हणाला, "हे खरं असावं बे. पण माह्या म्हणण्यावर जाऊ नको. मी गेल्यावर तू मोडून पाहजो."

तेरवीनंतर वहिनींनी विचारलं, "भाऊजी, थो फळा पुसू का?" त्यावर एक सम संख्या अर्धवट राहिली होती. मी पुसू दिला नाही. आता रविवारी मीच तिथे बसतो, चुकतमाकत. हे अनुमान मोडू नये असं मला फार वाटतं... त्याने शेवटी भरोसा ठेवला तो यावरच. पण सोपी संख्या घेतली की "काऊन बे?" ऐकू येतं आणि मी ती पुसून अवघड घेतो.

वहिनी चहा आणतात. "मोडलं का?"

"नाही."

"मोडलं त् सांगजा, भाऊजी. पेढे आणा लागतीन."