गुलाबाईच्या चालीवरचं भजन

अमळनेरच्या चर्चमध्ये गाणी बसवता बसवता सलोमीबाईंचं डोकं उठलं होतं. गुलाबाईच्या जुन्या चालीवर त्यांनी येशूचं भजन रचलं, बायकांकडून शब्द घोटून घेतले. पण खोड जाईल तर शपथ! लहानपणी गुलाबाईच्या सणात गाणी संपली की झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. तीच सवय. दर सरावाला शेवटची ओळ संपताच कुणीतरी अहिराणीत ओरडायचंच, "लाडू शे!"

"अगं बायांनो, हे चर्च आहे, गुलाबाईचं अंगण नाही!"

रविवारी भजन नीट पार पडलं. सलोमीबाईंनी हुश्श केलं. तेवढ्यात प्रभुभोजनाचं झाकलेलं ताट घेऊन पाळक पुढे आले आणि सलोमीबाईंची स्वतःची सासूच खणखणीत ओरडली, "भाकर शे!"

सलोमीबाईंनी कपाळावर हात मारला. पाळकांनी फडकं काढलं.

भाकरच होती. आता म्हातारीला रागावायचं तरी कसं?