कार्पेटखालचा जोड

आमच्या यांना गल्लीत सगळे धडधडमास्तर म्हणतात. नावावरून माणूस गडगडाटी वाटेल, पण घरात यांचा आवाज ऐकायला मिळाला तर नशीब. गाड्यांमध्ये अँप्लिफायर आणि छाती धडधडवणारे सबवूफर स्पीकर बसवायचं दुकान आहे आमचं. सबवूफरची लाकडी खोकी हे बनवतात, त्यांना कार्पेट मी चिकटवते. एकवीस वर्षांच्या संसारात आमची भांडणं झाली ती बहुतेक गोंद वाळायच्या आत यांनी हात लावला म्हणून.

कामात मात्र भलते हट्टी. बॅटरीपासून डिकीपर्यंतची जाड वायर गाडीच्या एका कडेने नेणार, गाण्याची दुसऱ्या कडेने. दोन्ही जवळ आल्या तर इंजिनाची शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते. आणि दोन्ही कार्पेटखालूनच, मग सगळ्या सीट काढाव्या लागल्या तरी बेहत्तर. गिऱ्हाईक घड्याळ बघून बघून मेटाकुटीला येतं, हे ढिम्म हलत नाहीत.

त्या दिवशी गिऱ्हाईक घरचंच होतं. यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, आणि दाजी. दोन महिन्यांपूर्वी दाजींनी जुनी पण चकचकीत लाल गाडी घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही पोरांना घेऊन सहा तासांच्या प्रवासाला निघायचं होतं, आणि पोरांनी सबवूफरचा धोशा लावला होता. दाजी आल्या आल्या म्हणाले, "मास्तर, वायर वरूनच टाक. उगाच सीटबीट काढत बसू नकोस."

"बरं," हे म्हणाले, आणि दाजी चहा प्यायला वळताच मागची सीट काढून मोकळे झाले. जावयाचा मानबिन कामापुढे यांना दिसत नाही.

मी खोक्याला गोंद लावत होते. थोड्या वेळाने पान्याचा आवाज थांबला आणि यांनी मला हाक मारली.

कार्पेटखालचा काळा डांबरी थर यांनी खरवडला होता. खालच्या पत्र्यावर या दारापासून त्या दारापर्यंत वेल्डिंगची आडवी रेघ होती. रेघेच्या पुढचा पत्रा पांढरा, मागचा निळा.

"दोन गाड्या आहेत," हे म्हणाले. "ठोकलेल्या. एकीचं पुढचं अर्धं, दुसरीचं मागचं. जोडून वरून रंग मारलाय."

"आणि जोड सुटला तर?"

"जोराचा धक्का बसला तर सुटेलच."

याच सीटवर पोरं दोन महिने नाचत होती.

मी ताईला बोलावलं, मागोमाग दाजीही आले. मला वाटलं, आता विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. पण दाजींनी त्या रेघेकडे बघितलंसुद्धा नाही. यांच्याकडे बघत म्हणाले, "सांगितलं होतं ना तुला, वरून टाक म्हणून?"

म्हणजे या माणसाला आधीपासून माहीत होतं, आणि माहीत असून तो बायकापोरांना यात बसवत होता.

"सीट लाव परत. उद्या निघायचंय," दाजी म्हणाले.

यांनी बोनेट उघडलं, बॅटरी सोडवली, उचलून दुकानात आणून ठेवली आणि दारात उभे राहिले. "ही गाडी आता इथून हलणार नाही, दाजी." जावयाला उलटून बोलताना यांना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"अरे, वेल्डिंग पक्कं आहे," दाजींचा आवाज चढला. "एवढ्या पैशात दुसरी कुठली मिळणार होती? आणि मी काळजी घेतोच की. एकदा तरी साठच्या वर नेली का, विचार हिला."

ताई गाडीत वाकून त्या रेघेवरून बोट फिरवत होती.

"नाही नेली," ती म्हणाली. "मी तर सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, पोरं मागे बसली की आमचे हे गाडी किती जपून चालवतात म्हणून."