पहिल्या मजल्यावरचा हिरवा लाईट

कीबोर्डच्या कोपऱ्यात हिरवा लाईट लागलेला होता आणि तो लुकलुकत नव्हता. माझं डोकं तिथेच अडकलं.

वायरलेस कीबोर्डचा हिशेब सोपा असतो. तो कॉम्प्युटर शोधत असला की लाईट लुकलुकतो. कॉम्प्युटर सापडला, दोघांची ओळख पटली, की लाईट स्थिर होतो. या ओळख पटण्यालाच आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीवाले पेअरिंग म्हणतो. एकदा पेअर झालेला कीबोर्ड त्या एकाच कॉम्प्युटरशी बोलतो, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. समोरचा लॅपटॉप मला सांगत होता की आसपास कुठलाही कीबोर्ड नाही. आणि कीबोर्ड सांगत होता की मी जोडलेला आहे. घरात त्याला जोडायला तर दुसरं काहीच नव्हतं.

"नवाच आहे हो," प्रसाद म्हणाला. "खोक्यासकट मिळालाय. मी इतक्यांदा ट्राय केलं, लॅपटॉपला दिसतच नाही."

डोंबिवली पूर्वेच्या त्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर प्रसाद, त्याची बायको मेघा आणि आई नलिनीबाई राहतात. बाईंचा स्टेशनजवळ टायपिंगचा क्लास होता. डोंबिवलीतल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांनीच वळवली असं लोक म्हणतात आणि त्यात फार अतिशयोक्ती नसावी. पॅरालिसिसच्या झटक्यात त्यांची वाचा गेली, उजवी बाजूही गेली. डावा हात तेवढा चालायचा. त्यांना समजतं किती, हे नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. टायपिंगच्या बाई आहेत तर कीबोर्ड देऊन बघा, हे स्पीच थेरपीवाल्या मुलीने सुचवलेलं.

म्हणून बाईंच्या मांडीवर कीबोर्ड आला. लॅपटॉप पलंगाच्या पायथ्याशी टेबलावर, स्क्रीन प्रसादच्या बाजूला. बाईंना इतक्या लांबचं दिसत नव्हतं आणि टाईप करताना बघायची त्यांना गरजही नव्हती. त्या आढ्याकडे नजर लावून डाव्या हाताने टकटक करत राहायच्या. लॅपटॉपवर काही म्हणजे काही उमटायचं नाही. कीबोर्ड बिघडलेला असेल हे प्रसादला आधी पटत होतं. मग हळूहळू घरात दुसरंच बोललं जायला लागलं. हात सवयीने हलतोय, आत काही राहिलेलं नाही, असं.

रविवारी त्यांना आंबिवलीला सोडायचं ठरलं होतं. तिथे अशा पेशंटसाठी एक सेंटर आहे. प्रसाद आणि मेघा दोघंही नोकरीवाले, आईंना दिवसभर सांभाळणारी कामवाली सोडून गेलेली. मेघा मला म्हणाली की आईंना काही कळत असतं तर आम्ही कसंही करून निभावलं असतं. पण कळतच नसेल तर तिथे निदान नर्स तरी असेल. ती वाईट मुलगी नाही. बोलताना तिचे डोळे भरले होते. पण हे सगळं ती पलंगाशी उभी राहून, बाईंच्या डोक्यावरून बोलत होती. मला बोलावलं होतं ते शेवटचा प्रयत्न म्हणून. मेघा तेवढं सांगून ऑफिसला निघून गेली.

मी कामाला लागले. सेल बदलले. लॅपटॉपच्या यादीतली जुनी नावं काढली, नव्याने शोधायला लावलं. कधीकधी असा कीबोर्ड एखाद्या फोनला चिकटून बसतो, म्हणून प्रसादचा फोन बंद केला, माझा बंद केला, टीव्हीचा प्लग उपटला. मग कीबोर्ड हातात घेतला आणि माझ्या सवयीप्रमाणे माझंच नाव टाईप केलं. वैशाली, वैशाली, वैशाली. आमच्या धंद्यात प्रत्येकाचं असं काहीतरी ठरलेलं असतं. कोणी देवाचं नाव घालतं, कोणी शिवी. माझं हे. लॅपटॉप कोरा तो कोराच. लाईट हिरवा तो हिरवाच.

या मॉडेलला पेअरिंगचं वेगळं बटण नव्हतं. नुसतं चालू आणि बंद. चालू केला की तो आधी ओळखीचा कॉम्प्युटर शोधतो, तो नाही सापडला तरच नव्याला दाद देतो. मी बंद करून चालू केला. क्षणभर लुकलुकला आणि पुन्हा स्थिर. म्हणजे त्याला ओळखीचं कोणीतरी सापडत होतं. लगेच. अगदी जवळ. मी खोलीत चहूकडे पाहिलं. कपाट, पलंग, टेबल, डोक्यावर जोरात फिरणारा पंखा.

कीबोर्ड परत बाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. हात लगेच चालायला लागला. ठराविक लयीत, न अडखळता. मग थांबला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती सवयीने हात हलवणाऱ्या माणसाची नजर नव्हती. काहीतरी विचारून उत्तराची वाट बघणारी नजर होती, आणि खरं सांगते, मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात मी फोन पुन्हा चालू केला आणि तो वाजलाच. सोसायटीचे सेक्रेटरी भोईरकाका. ही इमारत त्यांच्याच भातशेतीवर उभी आहे. सोसायटीच्या कॉम्प्युटरची देखभाल माझ्याकडेच असते.

"तुझी गाडी खाली दिसली म्हनून केला," ते म्हणाले. "आफिसात ये. आत्ताच ये गो."

ऑफिस बरोब्बर प्रसादच्या घराखाली. काका दारात उभे होते, आत नाही. मॉनिटरला लिंबू-मिरची टांगलेली होती. मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा बघून हसू आवरलं.

त्यांनी सांगितलं ते असं. हा कॉम्प्युटर सीसीटीव्हीसाठी दिवसरात्र चालू असतो आणि त्यावरच ते सोसायटीच्या नोटिसा लिहितात. काही दिवसांपासून नोटिशीत आपोआप शब्द येत होते. इंग्रजी नोटीस, आणि मध्येच इंग्रजी अक्षरांत मराठी. पंखा बंद कर. पाणी दे. घाईघाईत न वाचता प्रिंट काढलेली एक नोटीस तर लिफ्टमध्येही लागली होती. टाकी धुणार, पाणी भरून ठेवा, मला थंडी वाजते, आपला सेक्रेटरी. अख्खी सोसायटी हसली. मग कोणीतरी म्हणालं की आधीचे सेक्रेटरी सामंतकाका असेच पंख्यावरून, दिव्यांवरून ओरडायचे, आणि ते याच खुर्चीवर बसायचे. सामंतकाका गेल्या वर्षी वारले. त्यानंतर हसणं कमी झालं आणि लिंबू आलं.

"आपोआप काही होत नाही, काका," मी म्हटलं. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलंय की माझी मुलं माझी नक्कल करतात.

"मग मना हे सांग," त्यांनी लांबूनच बोट दाखवलं. "तू आज हिकडे हात लावलास काय?"

स्क्रीनवर पार्किंगची अर्धवट नोटीस होती. तिच्याखाली लिहिलं होतं, वैशाली वैशाली वैशाली.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण भूत आपलं नाव घेतं तेव्हा विश्वासाला कोण विचारतो. मी खुर्चीत बसले आणि जे येतं तेच केलं. ऑफिसच्या कीबोर्डची वायर उपटली. वायरचं टोक माझ्या हातात होतं आणि समोर अक्षरं उमटायला लागली. एकेक. संथ, सारख्या अंतराने.

ती कॉम्प्युटरवाली गेली का

काका दारातून दोन पावलं मागे सरले. मी वायर तशीच हातात धरून वाचत होते.

पंखा बंद कर प्रसाद

मग बराच वेळ काही नाही. आणि मग,

वाचताय ना

मी छताकडे पाहिलं. वर तो पंखा गरगरत होता, त्याखाली शाल ओढून बाई पडल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर हिरवा लाईट. लाईट खोटं बोलतच नव्हता. मी कॉम्प्युटरमधली जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली. माऊस, प्रिंटर आणि त्यांच्याखाली त्या कीबोर्डचं नाव. कनेक्टेड.

काकांना विचारलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. ऑफिससाठी त्यांनी वायरलेस कीबोर्ड आणवला होता. दोन दिवस वापरला, बटणं बारीक वाटली, म्हणून पुन्हा खोक्यात घातला. प्रसाद आईसाठी शोधतोय कळल्यावर त्यांनीच तो उचलून दिला. चांगल्या मनाने दिला. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरने त्याची ओळख सोडली नव्हती आणि मध्ये होता फक्त एक स्लॅब. तेवढं अंतर त्याला काहीच नाही. वरती कीबोर्ड चालू झाला की तो खालच्या कॉम्प्युटरला जाऊन चिकटायचा.

त्याच क्षणी मी यादीतून ते नाव काढू शकले असते. काम एका क्लिकचं होतं. पण मी आधी प्रसादला खाली बोलावलं.

तो आला. मी काही समजावलं नाही, नुसती खुर्ची दिली. तो वाचायला लागला. आईची ओळ ओळखायला त्याला वेळ लागला नाही, कारण एकाही शब्दात चूक नव्हती आणि दोन शब्दांत नेमकी एकच जागा होती. काकांनी एकेक जुनी नोटीस उघडून दाखवली. टाकीच्या नोटिशीशी तो थांबला.

"हे मी लिफ्टमध्ये वाचलेलं," तो म्हणाला. "फोटो काढून ग्रुपवर पण टाकलेला."

फोटोखाली त्याने काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही. आमच्या समोर स्क्रीनवर आणखी एक ओळ सरकत होती.

तुम्ही सगळे वाचता आणि कोणीच काही बोलत नाही

म्हणजे बाईंना वाटत होतं की हे सगळं लॅपटॉपवर उमटतंय. मुलगा रोज समोर बसून वाचतोय. सुनेला दिसतंय. त्या थंडी वाजते म्हणून सांगतात, घरचे वाचतात आणि पंखा तसाच ठेवतात. पाणी मागतात, कोणी उठत नाही. आणि मग पलंगाशी उभं राहून आंबिवलीचं ठरवतात. त्या सामंतकाकांच्या भुताला मी घाबरले होते. खरी भीती मला आत्ता वाटली. प्रसाद जिन्याकडे धावला. लिफ्टसाठी तो थांबला नाही.

मी यादीतून नाव काढलं आणि वर गेले. पंखा बंद झाला होता. कीबोर्डचा लाईट आता लुकलुकत होता, ओळखीचं कोणी सापडत नव्हतं म्हणून. लॅपटॉपने त्याला पहिल्या झटक्यात पकडलं. मी अक्षरं भरपूर मोठी केली, टेबल पलंगाला लावलं, स्क्रीन बाईंकडे वळवली आणि प्रसादने त्यांना चष्मा घातला.

"आई, आम्हाला दिसतच नव्हतं गं," तो म्हणाला. "आजपर्यंत एक अक्षरही दिसलं नाही. देवाशपथ."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या स्क्रीनकडे बघून टाईप करत होत्या.

आता दिसतंय?

"हो."

हात थांबला. मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत, प्रसाद रडत होता. बाईंनी पुन्हा बोटं जागेवर ठेवली, क्लासमध्ये शिकवायच्या तशी.

मग रविवारचं आता मला विचार

त्याने विचारलं. मी हॉलमध्ये जाऊन उभी राहिले, कारण ते माझं काम नव्हतं. टकटक बराच वेळ चालू होती.

बाई आंबिवलीला गेल्या नाहीत. दिवसभरासाठी कोणती कामवाली ठेवायची तेही त्यांनीच टाईप करून ठरवलं, आधीची का नको याच्या कारणांसकट. ती कारणं ऐकून मेघा हबकली. भोईरकाकांनी लिंबू अजून काढलेलं नाही, असू दे म्हणतात.

आता माझ्याकडे कोणी कीबोर्ड घेऊन आलं आणि म्हणालं की हा मेलाय, काही उमटत नाही, तर मी आधी एवढंच विचारते की लाईट लागतो का. लागत असेल तर कीबोर्ड चालू आहे. उमटतंय. आपण चुकीच्या स्क्रीनसमोर बसलोय.