शत्रुपक्षाची घंटा

मँचेस्टरला माझी लेक सई कॉलेजच्या फुटबॉल टीमची गोलकीपर आहे. समोरच्या कॉलेजशी यांचं वैर एकोणिसाव्या शतकापासूनचं, आणि ते आता एका गोऱ्या आजीबाईंनी जणू एकटीने चालवायला घेतलंय. त्या नेमक्या सईच्या गोलमागे, माझ्या शेजारी, घडीची खुर्ची टाकून बसतात. हातात पणजोबांची पितळी घंटा. तेही याच वैरात खेळलेले. सईवर गोल झाला की घंटा खणखणते, वर आरोळी, "कीपर, वेक अप!" मला भारी राग यायचा.

परवा सई गुडघा धरून पडली ती उठेचना. शेजारी पाहिलं, तर आजीबाईंनी घंटेत मूठ घालून तिचा आवाज कोंडून धरलेला.

"तिला काही व्हायला नको," त्या पुटपुटल्या. "तुमची माणसं धड नसली, तर आम्ही भांडायचं कोणाशी?"

सई उठली. दोन उड्या मारून पाहिल्या, ग्लोव्हज नीट केले, आणि पुढचाच बॉल तिने सोडला.

घंटा खणखणली. "कीपर, वेक अप!"

आमच्यावर गोल झाला होता आणि मी टाळ्या वाजवत होते.