पुढच्या वर्षीच्या दोन खुर्च्या

माझी मैत्रीण रुकय्या गेल्याचा फोन तिच्या लेकीनं, नाझनीननं केला. "मावशी, अम्मी गेली," एवढंच. मी कामतघरला पोचले तेव्हा घरामागच्या शेडमधले कापड विणायचे लूम बंद होते. त्या घरात शांतता कशी असते, ते मला पहिल्यांदाच कळलं... पुढे काही दिवसांनी नाझनीननं अम्मीच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या हातावर ठेवलं. "तुम्हालाच द्यायला सांगून ठेवलं होतं." माझ्या सुनेनं, मनीषानं, त्यातले फोटो माझ्या मोबाईलवर उतरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा चढवून मोबाईल बघते, तर फोटोंच्या वर 'आज' असं लिहिलेलं आणि त्याखाली रुकय्या, दारात उभी राहून हात हलवतेय! चहा कपातच गार झाला.

मग आठवलं. शिफ्टची माणसं वेळेवर यावीत म्हणून ती शेडमधलं घड्याळ कायम पुढे ठेवायची. कॅमेरा आला तेव्हा त्यातलं सालही तिनं असंच वीसेक वर्षं पुढे ढकललं, म्हणून तेव्हाचे फोटो आता मोबाईलमध्ये 'आज'च्या तारखेला उगवतात. "असूं दे गो सुमन, फोटो लवकर म्हातारे व्हायचे न्हाईत." मी तेव्हा पन्नाशीला टेकलेली, मेंदीनं केस लालभडक, आणि ऐट अशी की विचारू नका. तिला बजावायची, "डावीकडून काढ, तिकडून मी तिशीची दिसते." ती म्हणायची, "मग उजवीकडं कोण, तुझी आई?" आता ते फोटो बघते, तर दोन्हीकडून एकच येडी बाई दिसते.

हसू येतं, पण पुरतं येत नाही. गेल्या आठवड्यात असाच एक फोटो 'आज'मध्ये आला. तिच्या अंगणातल्या दोन खुर्च्या, एकीत मी, दुसरी रिकामी. फोटो काढायला तीच उठली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्याच संध्याकाळी मी नाझनीनकडे गेले होते, आणि त्याच खुर्चीत एकटी बसून आले होते...

कार्डातला शेवटचा फोटो पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातला आहे. त्यात दोन्ही खुर्च्या रिकाम्या. टायमर लावून आम्ही दोघी धावलो होतो, वाटेत हसून हसून मुरकुंडी वळली, आणि खुर्ची गाठण्याआधीच कॅमेरा वाजला. एवढीच गोष्ट. तरी तो फोटो मी दिवसातून दहादा उघडून बघत होते: तिची खुर्ची तर रिकामी झालीच, मेपर्यंत माझीही होणार की काय?

मनीषाच्या ते लक्षात आलं. "आई, तारखा चुकल्यात नुसत्या. एका झटक्यात सगळ्या मागे नेते."

"हात लावू नकोस," मी म्हटलं. मागे नेल्या, तर रुकय्या उद्यापासून रोज सकाळी माझ्याकडे यायची कशी?

काल नाझनीनकडे जाऊन त्या खुर्च्या पुसून आले. शेडमधलं घड्याळ अजून पुढेच आहे, कुणी मागे केलेलं नाही. मे महिन्यातल्या त्या दिवशी मी सकाळपासून माझ्या खुर्चीत ठाण मांडून बसणार आहे. जेवायलासुद्धा उठायची नाही. बघू या, रुकय्याचा कॅमेरा खरा ठरतो की मी...