तिसरा अंतरा

मार्चमधला पहिला रविवार, उमरीचं बुद्धविहार. हजर: काका, म्हणजे वडिलांच्या गायन पार्टीतले झीलकरी, त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आलेला त्यांचा मुलगा, पार्टीचे ढोलकीवाले, माझा भाऊ, लातूरहून आलेली मी, आणि निरोपाच्या जेवणाला जमलेली गल्ली. वडील शाहीर होते, आता नाहीत.

मंडप, सतरंज्या, जेवण ही कामं माझ्याकडे होती आणि ती वेळेत झाली होती. गाणं माझ्याकडे नव्हतं.

"शाहिराची पोरगी समोर बसलीय अन् गाणं न्हाई व्हय?" ढोलकीवाले म्हणाले. माईक आलाच.

मुदखेडला लग्न असो की जळकोटला जयंती, मी दिसले की माईक येतो. लहानपणी आम्ही भावंडं स्टेजमागे झोपायचो आणि ढोलकी थांबली की जागी व्हायचो. तिथंच गळा आला असणार, असं सगळ्यांना वाटतं. गळा नाही आला. पाठांतर आलं, तेही अर्धंच.

"माय, तुझ्या बापाचं गाणं एकदा पुरं ऐकून जातो," काका म्हणाले. "पुण्यात कोण म्हणणार हाय?"

"मग तुम्हीच म्हणा ना, काका."

"मी जन्मभर झील धरली. अंतरे तुझ्या बापाचे."

झीलकरी ध्रुवपद धरून ठेवतो. गायकानं शेवटच्या अंतऱ्यात आपलं नाव गुंफून गाणं बंद केलं, की मगच तो सोडतो. त्याआधी सोडायचं नसतं.

"उजेड आला दारी, आता दार मोठं करा," काकांनी उचललं. मी पहिला अंतरा टाकला. बेसूर, पण शब्द बरोबर. मग दुसरा. तिसरा, म्हणजे शेवटचा, वडील प्रत्येक गावात तिथल्या तिथं जोडायचे. तो कुणी लिहिला नाही, कुठल्या कॅसेटमध्ये आला नाही.

काकांनी ध्रुवपद म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा पाहिलं. लोकांना वाटलं रंग भरतोय, टाळ्या वाढल्या. ढोलकीवाल्यांना घाम फुटला. माझ्या मागं भिंत, पुढं मांडी घालून बसलेली लेकरं. उठायलाही जागा नव्हती. भाऊ भाताच्या पातेल्याकडं बघत बसला. काका काही सोडेनात.

शेवटी माईकवर मला जे बोलता येतं ते बोलले. "जेवण तयार आहे. आधी म्हातारी माणसं आणि लेकरं, मग बाकीच्यांनी पंगतीला बसावं."

लोक हसले, उठले. ढोलकी थांबली. काकांची ओळ 'आता दार'वर राहिली.

गाडीत बसताना ते म्हणाले, "उघडंच टाकलंस की गं."

"काका, तो अंतरा कुणालाच येत नाही."

"तुझा बाप तरी घरून आणायचा व्हय? तितंच जोडायचा. तू जोड."

"मला नाही जमायचं."

"बरं. मी धरून बसतो."

आता रविवारी पुण्याला फोन करते. गोळी घेतली का, जेवले का, सुनेशी पटतंय का, सगळं क्रमानं विचारते. मग काका ती ओळ म्हणतात आणि माझ्या अंतऱ्याची वाट बघतात. मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवते.

भांडी परत केली. सतरंज्या धुऊन विहारात पोचवल्या. तिसरा अंतरा बाकी आहे.