स्टील आणि रॉब

"उभी राहा," इंग्रजीचे सर म्हणाले. "स्टील म्हणजे लपूनछपून चोरणं. उदाहरण? हिची आई. माझ्या भावाच्या बागेतून केळी चोरते."

बारावीचा अख्खा वर्ग हसला. चोपड्याच्या त्या कॉलेजात बौद्धवाड्यातली मी एकटीच. मान खाली घालून उभी राहिले.

आदल्या दिवशीचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. केळीच्या कटाईच्या दिवशी डागी फण्या बांधावर टाकायच्या आणि घड वाहणाऱ्या बायांनी त्या घरी न्यायच्या, ही आमच्याकडची रीत. आजी न्यायची, आई न्यायची. यंदा वेफर्सवाला डागी मालही विकत घ्यायला लागला. बायांना ते कोणी सांगितलं नाही. सगळ्यांच्याच टोपल्या भरलेल्या होत्या. बौद्धवाड्यातली तिथे आई एकटीच. इतरांना मालक नुसता "ठेवा खाली" म्हणाला. माझ्या आईची टोपली त्याने ओढून पाडली. केसांना धरून तिला चिखलात लोळवलं. पोटात लाथ घातली. दिवसाढवळ्या! तिचा ओठ फाटला. भाकरी चावता येईना.

सर फळ्याकडे वळले. "रॉब म्हणजे समोरासमोर, माणसाला मारून, धमकावून हिसकावणं. उदाहरण?"

"मी देते." मी मान वर केली. "काल तुमच्या भावाने माझ्या आईला लुटलं. मारून. सगळ्यांसमोर."

छडी खांद्यावर बसली. दुसरी कानावर. तिसरी मी वरच्या वर पकडली. गुडघ्यावर घेऊन मोडली आणि तुकडे त्यांच्या टेबलावर आदळले. माझा तळवा सोलवटला होता.

"माफी माग! नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही!" सरांचा आवाज चिरकला.

घरी आई सुजलेल्या तोंडाने म्हणाली, "माफी मांगी ले, बाई. तुन्हं शिक्षण जाई."

"तू चोर शे का, माय?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "नही."

"मंग चाल."

पोलीस ठाण्यात साहेबाने मान वर न करताच विचारलं, "ते केळी चोरीचं ना?"

"नाही. लूट आणि मारहाण. ॲट्रॉसिटी लावा."

त्याने आम्हाला बाहेर बसवलं. आम्ही बसलो. अजून बसलोय. तक्रार घेतल्याशिवाय इथून उठणार नाही. परीक्षा बुडाली तर बुडू दे, पुढच्या वर्षी देईन. माफी मागणार नाही. आणि आईच्या केसांना पुन्हा कोणी हात घातला, तर तो हात मी त्या छडीसारखाच मोडीन.